गाई स्वतःहून धार द्यायला येतात तो फार्म, फ्रीसलँड (५ पैकी ४ स्टार)

आम्ही राहतो नेदरलँड्समध्ये, मागच्या महिन्यात फ्रीसलँडला एका डेअरी फार्मवर दोन रात्री मुक्काम केला. खोली स्वच्छ, नाश्ता चांगला, त्यावर जास्त लिहीत नाही, मला बोलायचंय त्यांच्या दूध काढायच्या रोबोटबद्दल कारण माझं लहानपण सांगलीकडे गोठ्यात गेलंय, पहाटे चारला आईबरोबर धारेला उठलेय मी.

असे रोबोट पहिल्यांदा १९९२ला नेदरलँड्समध्येच आले. इथे पन्नास-पंचावन्न गाई आणि रोबोट एकच. दावं नाही, हाकणं नाही, गाय मनाला येईल तेव्हा जाते. जाते ती खरं तर आत मिळणाऱ्या खुराकासाठी. गळ्यातल्या पट्ट्यावरून मशीन तिला ओळखतं आणि आत्ताच धार देऊन गेली असेल तर खुराक न देता फाटक उघडून सोडून देतं. नाहीतर आधी ब्रश सड पुसतो, त्यानेच ती पान्हा सोडते, आई कासेला कोमट पाणी लावून हात फिरवायची ना अगदी तेच काम. मग एकेक कप लागतो आणि जो सड रिकामा होईल त्याचाच कप सुटतो, हे मला सगळ्यात आवडलं, कारण आमच्या घरच्या साध्या मशीनचे चारही कप एकदमच निघायचे आणि एखादा सड आधीच आटलेला असला तरी ओढला जायचा, गाय पाय झाडायची. इथे तासभर बघत उभी होते, गाई आत शांतपणे खात होत्या.

एक स्टार का कापला ते सांगते. रोबोट जुन्या गोठ्याच्या कोपऱ्यात बसवलाय, समोर जेमतेम दोन गाई मावतील एवढी जागा. रात्री साडेअकराला एक पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली गाय, अंगाने बारीक, तिथे येऊन उभी राहिली आणि मोठ्या गाई ढुशी मारून तिला मागे सारत होत्या, तीनदा आली तीनदा मागे गेली. शेवटी दोनच्या सुमाराला गर्दी ओसरल्यावर आत शिरली बिचारी. गाईला दिवसातले बारा-एक तास बसायला मिळायला हवेत, रवंथ तेव्हाच निवांत होते, असं ताटकळत उभं राहून खुरं दुखायला लागतात आणि लंगडी गाय तर रोबोटकडे फिरकतच नाही, मग तिला हाताने आणावं लागतं.

सकाळी मालकांना सांगितलं तर त्यांनी लगेच मोबाईलवर तिच्या वेळा काढून दाखवल्या, आठवडाभर रात्रीच येत होती ती. म्हणाले बाजूचं कठडं काढून जागा मोकळी करतो. उन्हाळ्यात परत जाणार आहोत, तेव्हा पहिलं तिलाच शोधणार, डाव्या कानावर पांढरा ठिपका आहे.