रंकाळ्यातला तरंग आणि देवळातली घंटा

रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून पाण्यात खडा टाका. तरंग काठाला लागतो, पण मधलं वाळकं पान काठाला येत नाही. वर-खाली, जरासं मागे-पुढे डुलून जागेवरच राहतं. पुढे सरकते ती ऊर्जा, पाणी नव्हे.

अंबाबाईच्या देवळातल्या घंटेची चाल निराळी. हवेचे कण आवाज जातो त्याच रेषेत पुढे-मागे हलतात आणि त्यांची दाटी पुढे पुढे जाते, 20 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 343 मीटर. खड्याचा तरंग मात्र आपल्या चालण्यापेक्षाही रेंगाळतो.

खरी गंमत पसरण्यात आहे. तरंगाची ऊर्जा वाढत्या वर्तुळाच्या परिघावर वाटली जाते. अंतर दुप्पट झालं की परिघाच्या प्रत्येक हातभर लांबीच्या वाट्याला निम्मी. आवाज मोकळ्यावर चहूबाजूंनी फुगतो, म्हणून दुप्पट अंतरावर चौथाईच. (देवळात दगडी भिंती आवाज परतवतात, तिथे हा हिशेब चुकतो.) हेलकावा दुप्पट केला तर ऊर्जा चौपट, हे दोघांनाही लागू.

पोरांना शिकवायचं तर मी रंकाळाच निवडेन. हवेचे कण कुणाला दिसलेत?