ब्लॅक क्रोम प्लेटचा पाणी तापवायचा सोलर, हिवाळा-पावसाळा दोन्ही बघून झाल्यावर

दिवाळीनंतर बसवला, आता गणपती पण गेले, म्हणून लिहितोय. कोल्हापुरात राजारामपुरीत घर, २०० लिटरची टाकी, दोन-दोन स्क्वेअर मीटरच्या दोन फ्लॅट प्लेटा. काचेच्या नळ्यांचा नको हे आधीच ठरलेलं, गच्चीवर पोरं क्रिकेट खेळतात, नळ्या फुटायच्या.

जुन्या प्लेटांना साधा काळा पेंट होता, त्यामुळं घरात पहिला प्रश्न हाच, काळं ते काळंच की, मग जास्त पैसे कशाला? तर भावांनो, ऊन ओढण्यात पेंट पण कमी नाही, ९५ टक्क्यांच्या आसपास ओढतोय. पण तापलेला पत्रा स्वतः पण इन्फ्रारेड उष्णता बाहेर टाकत असतो आणि त्यात पेंट लई उदार, ९० टक्क्यांच्या घरात. ब्लॅक क्रोममध्ये हाच आकडा १० च्या आसपास येतो. तांब्यावर आधी निकेलचा चकचकीत थर, त्यावर मायक्रॉनभर क्रोमचा काळा थर, दोन्ही प्लेटिंगनं चढवलेले, आणि हा काळा थर उन्हाला काळा पण लांब तरंगाच्या उष्णतेला जवळजवळ आरपार, म्हणून तिथं खालचं निकेलच काम करतं आणि निकेल उष्णता फारशी सोडत नाही. असले सिलेक्टिव्ह थर इस्रायलच्या हॅरी ताबोर यांनी १९५५ मध्येच मांडलेले.

वापरताना फरक कुठं कळतो तर कडक उन्हात नाही, मे महिन्यात पेंटवाल्यात पण हात भाजायचा. कळतो तो जानेवारीत आणि पातळ ढग असलेल्या दिवशी, जेव्हा ऊन आधीच अर्धवट असतं आणि जुनी प्लेट मिळालेलं तेवढंच परत हवेत सोडून बसायची. आता अशा दिवशी पण संध्याकाळी आंघोळीपुरतं गरम मिळतंय. आषाढात मात्र काही अपेक्षा ठेवू नका, सूर्यच नाही तर क्रोम काय करणार, गीझर लावावाच लागतो.

तक्रार एकच पण मोठी. पावसात एका प्लेटीच्या काचेला आतून वाफ धरली, काचेच्या कडेचं गॅस्केट (ओल अडवणारी पट्टी) नीट बसवलेलं नव्हतं. डीलर म्हणाला, "दव हाय ओ, ऊन पडलं की जातंय." गेलं नाही, खालच्या कडेला हिरवट ठिपके आले. प्लेटिंगमध्ये सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी ओल तिथून तांब्यापर्यंत जाते. मागं लागून गॅस्केट बदलून घेतलं, ठिपके आहेत तसेच आहेत. आणि बोअरचं पाणी असेल तर प्लेटीतल्या पाण्याच्या नळ्यांत क्षार बसणारच, त्याला कोटिंगचा काही उपयोग नाही.

अजून एक, हे प्लेटिंग क्रोमिक ॲसिडच्या बाथमध्ये होतं, त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम विषारी. पंचगंगेच्या घाण पाण्याची अवस्था रोज बघणाऱ्या माणसाला हे टोचतंच. म्हणून हल्ली बऱ्याच कंपन्या व्हॅक्यूममध्ये थर चढवतात, पुढची प्लेट मी तसलीच बघणार.

घेताना आयएस १२९३३ (फ्लॅट प्लेट सोलरचं भारतीय मानक) चा मार्क बघा आणि दोन्ही आकडे लेखी मागा. ऊन किती ओढतंय हे सगळेच सांगतात, बाहेर किती टाकतंय विचारलं की डीलर चहा मागवतो.