काठावरचं गाव: गाइडमागून की आपलं आपण?

कोलकाता ते मुर्शिदाबाद अशी हुगळीवरची आठवड्याची बोट घ्यायला यंदा आमच्या इंदूरच्या मंडळींतली तीन घरं तयार झालीत. तिन्ही घरांतून मला एकच फोन आला: केबिन कोणती घेऊ? कोणतीही घ्या, दिवसा तिथं थांबतं कोण! खरा प्रश्न रोज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर येतो. बोट पात्रात नांगर टाकून उभी, समोर घाट, घाटामागे शे-दोनशे वर्षांच्या देवळांचं नाहीतर कोठ्यांचं गाव, आणि हातात जेमतेम तीन तास. बोटीच्या ग्रुपबरोबर उतरायचं की आपलं आपण?

आम्ही दोन्ही करून पाहिलं. चंदननगरला आणि मुर्शिदाबादला दोघंही ग्रुपबरोबर होतो. कालन्याला मात्र ही ग्रुपबरोबर गेली आणि मी एकटा. एकाच सकाळी एकच गाव दोन तऱ्हांनी पाहून झालं, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर बराच वाद झाला.

ग्रुपच्या बाजूनं आधी बोलतो, कारण ती बाजू लंगडी नाही. पैसे तिकिटातच भरलेले असतात. घाटावर हात द्यायला माणूस असतो, आणि ही गोष्ट साधी समजू नका: नवद्वीपपर्यंत हुगळीला भरती-ओहोटी असते, ओहोटीला खालच्या पायऱ्या गाळानं माखून निघतात आणि होडीतून त्या पायरीवर पाय टाकताना साठीच्या माणसाला देव आठवतो. शिवाय गाइड जाणता असतो. कटव्यावरून बोट जाताना आमच्या गाइडनं सांगितलं नसतं, तर 1742 साली नागपूरच्या भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांनी इथंच तळ दिला होता आणि इथंच दुर्गापूजा मांडली होती, हे मला कळलंच नसतं. शाळेत आपण राघोजी भोसल्यांच्या बंगालच्या स्वाऱ्या एका ओळीत शिकलो. तिकडे अजून पोरांना ‘बर्गी’ म्हणून आपल्याच लोकांची भीती घालतात. आडनाव विचारल्यावर आम्ही ते सांगितलं, आणि अख्खा ग्रुप आमच्याकडे वळून बघायला लागला.

आता माझं दुखणं. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या गळ्यात एक यंत्र अडकवतात आणि कानात त्याची वायर. गाइड पुढे चालत हळू आवाजात बोलतो, आपल्याला कानात ऐकू येतं. सोय म्हणून उत्तमच. पण त्या यंत्राला पल्ला असतो. चंदननगरला स्ट्रँडवरून चालताना नदीकडे तोंड करून चार म्हातारे पत्ते खेळत बसले होते. मागे फ्रेंचांच्या वेळच्या इमारती, पुढे हुगळी, आणि एक आजोबा दुसऱ्यावर पान लपवल्याचा आरोप करताहेत. मी थांबलो. तीस-चाळीस पावलांत गाइड सांगत होता तो कानातला डुप्ले, इथला जुना फ्रेंच गव्हर्नर, खरखरायला लागला, मग तुटक झाला, मग नुसतं खर्रर्र. म्हातारे ऐकावेत की डुप्ले? धावत ग्रुप गाठला, तर तिथं सगळे एका मावशींची वाट पाहत उन्हात उभे, कारण डोकी मोजून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. म्हणजे मला थांबायचं होतं तिथं थांबता आलं नाही आणि थांबायचं नव्हतं तिथं वीस मिनिटं गेली. कुणाला हे किरकोळ वाटेल. मला त्या खरखरीनं दिवसभर पिडलं.

म्हणून कालन्याला मी यंत्र केबिनच्या खुंटीला टांगलं. ग्रुपच्याच होडीतून उतरलो, परतीच्या होडीची वेळ दोनदा विचारून घेतली आणि घाटावर एक टोटो पकडला. टोटो म्हणजे आपली ई-रिक्षाच. दोन तासांचे तीनशे ठरले. बंगाली येत नसलं तरी अडत नाही. आपली इंदुरी हिंदी तिकडे जरा गमतीची वाटते, एवढंच.

108 शिवमंदिरांत ग्रुप माझ्या आधी पोचला होता, म्हणून मी समोरच्या राजबाडीच्या आवारात शिरलो. तिथलं प्रतापेश्वर मंदिर 1849 चं, तसं लहानसंच. पण भिंतीवर बोटभर मोकळी जागा नाही. सगळीकडे भाजलेल्या मातीचं काम. मी जमिनीवर बैठक मारून दारावरचं राम-रावण युद्ध वाचत बसलो. वाचत म्हणतो कारण ते डावीकडून उजवीकडे नजर सरकवतच बघावं लागतं. सकाळचं तिरपं ऊन हळूहळू पुढे सरकलं तशी आधी सपाट दिसणारी आकृती फुगून बाहेर आली. झाडूवाल्या बाईनं माझ्याभोवतीनं झाडून घेतलं. पाऊण तास असाच गेला. त्यामुळे पंचवीस शिखरांचं लालजी मंदिर पळत पाहिलं आणि कृष्णचंद्राचं तर राहूनच गेलं.

हिनं दोन्ही नीट पाहिली. 1809 मध्ये वर्धमानच्या तेजचंद्रांनी 108 मंदिरं बांधली, बाहेरच्या वर्तुळात 74 आणि आतल्यात 34, बाहेर काळी-पांढरी पिंडी आलटून पालटून आणि आत सगळ्या पांढऱ्या, हे तिनं मला जेवताना घडाघडा सांगितलं. मी नंतर एकटाच त्या वर्तुळांतून फिरलो होतो, पण मोजताना दोनदा चुकून नाद सोडला होता. प्रतापेश्वराला ग्रुपला किती वेळ मिळाला, विचारलं. फोटोपुरता, म्हणाली.

आपणही पाहुण्यांना महेश्वर असंच दाखवतो, नाही का? वाडा, अहिल्येश्वर, दोन साड्या, आणि अंधाराच्या आत इंदूरला परत. स्वतः गेलो की मात्र तासभर घाटाच्या पायरीवर पाय सोडून बसतो.

तरी सरसकट एकट्यानं फिरा असं मी म्हणणार नाही. मुर्शिदाबादला ग्रुपच बरा वाटला. हजारदुआरी राजवाडा एकीकडे, कटरा मशीद भलतीकडे, आणि खोशबाग तर नदीपलीकडे. स्वतः जुळवायला गेलात तर वेळ होड्यांतच जाईल. खोशबागेत बंगालचे नवाब अलिवर्दीखान आणि सिराजउद्दौला दोघांच्या कबरी आहेत. ज्या अलिवर्दीनं 1744 मध्ये बोलणीला बोलावून भास्कररामांना मारवलं त्याच्या उशाशी उभं राहताना गाइड कानात असलेला मला आवडला, खरखर धरून. गुडघे कुरकुरत असतील, किंवा घरातल्या कुणाला एकट्याला सोडवत नसेल, तरी ग्रुपच घ्या. पण गाव कालन्यासारखं आटोपशीर असेल, सगळं दोन किलोमीटरच्या आत असेल, तर निदान एक सकाळ माझं ऐका. जुन्या चपला घाला, परतीच्या होडीची वेळ हातावर लिहून ठेवा आणि बोटीच्या मॅनेजरचा नंबर मोबाइलमध्ये भरून घ्या.

शेवटच्या दिवशी यंत्रं गोळा केली तेव्हा माझ्या यंत्राची बॅटरी जवळजवळ भरलेली होती. हिच्या यंत्राची दोनदा बदलावी लागली, आणि हेही लिहा असं तिनं मला बजावून सांगितलंय.