हायड्रोजेलचं किट सात महिने वर्गात वापरून

सात महिने झाले हे हायड्रोजेलचं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जाळीदार जेलचं, किट आठवी-नववीच्या वर्गात वापरतेय. आत सोडियम अल्जिनेट (तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात ते), कॅल्शियम लॅक्टेट, ड्रॉपर, खायचे रंग आणि डायपरमधली ती पांढरी पावडर, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. पाण्यात फुगणारे रंगीत मणीपण होते, ते मी पहिल्याच दिवशी काढून टाकले, चुकून गिळले तर आतड्यात फुगून बसतात.

आधी रडगाणं. पत्रकात अल्जिनेटसाठी नुसतं 'पाण्यात ढवळा' लिहिलंय. मी वर्गातच ढवळायला घेतलं तर सगळ्या गुठळ्या, अर्धा तास गेला आणि पोरं खो खो हसतायत. आता १०० मिलिला २ ग्रॅम असं आदल्या रात्रीच भुरभुरवून ठेवते आणि पाणी डिस्टिल्डच घेते, जड पाण्यातलं कॅल्शियम आधीच जेल धरायला लागतं.

पण जमलं की विचारू नका! अल्जिनेटचा थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडला की लगेच गोळी, वर साय धरल्यासारखी आणि आत पातळ. त्याच गोळ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या, सकाळी टम्म फुगून लिबलिबीत. जखमेवरच्या अल्जिनेट ड्रेसिंगचं हेच चालतं, त्यातलं कॅल्शियम जातं, जखमेच्या पाण्यातलं सोडियम आत येतं आणि धाग्यांचं जेल होतं. रंगाच्या गोळ्या कोमट पाण्यात टाकल्या तर रंग भराभर सुटला, तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग जेलमध्ये भरलेलं औषधपण असंच निसटणार ना?" अगदी बरोबर पकडलं तिनं. रंगाचे रेणू लहान म्हणून पळतात, प्रोटीनसारखे मोठे जाळीत रेंगाळतात, तिथून पुढचा अख्खा तास त्यावरच गेला.

डायपरच्या पावडरचं जेल पेला उलटा केला तरी पडत नाही, वर चमचाभर मीठ टाका, पाणी पाणी. रक्त, घाम सगळंच खारट, त्यामुळे साध्या पाण्यातलं फुगणं बघून शरीरातलं ठरवायचं नाही हे पोरांना इथे कळलं. पावडर उडते, गॉगल-मास्क लावाच, आणि बेसिनमध्ये ओतू नका, मी ओतलंय, पाईप तुंबला.

किटमध्ये नसलेली एक गोष्ट मी घातली, माझी जुनी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स, तीपण हायड्रोजेलचीच. टेबलावर सुकून कुरकुरीत झाली, सलाईनमध्ये टाकली तर परत मऊ. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी १९६१ मध्ये अशा लेन्स घरीच, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्यातून बनवलेल्या यंत्रावर फिरवून काढल्या हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचेपण पुढे आले.

लॅक्टेट मात्र चौथ्या महिन्यातच संपलं आणि ड्रॉपरची रबरं आत्ताच चिरायला लागलीत.