रिपेअर कॅफे: काही महिने वापरल्यावर

रिपेअर कॅफे म्हणजे बिघडलेल्या वस्तू स्वयंसेवकांच्या मदतीने दुरुस्त करायची जागा. वस्तू टाकून जायची आणि संध्याकाळी न्यायची, असं इथे चालत नाही. स्वयंसेवकाशेजारी बसून स्क्रू आपणच खोलायचे. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला हा प्रकार सुरू झाला तेव्हापासूनची हीच रीत, आणि खरा फायदाही तिथेच आहे: पार्ट का गेला ते कळतं.

सगळ्यात जास्त येतात ते मिक्सर, आणि बहुतेकांचा कपलर (मोटरची फिरकी भांड्याच्या पात्याला देणारा दातेरी तुकडा) गेलेला असतो. नुसता कपलर बदलला तर थोड्याच दिवसांत दात पुन्हा झिजतात. इथे आधी रिकाम्या भांड्याचं पातं फिरवून बघतात. ते सहज फिरायला हवं. अडकलं तर दोष बुशचा, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या भांड्याच्या तळातल्या नळीचा. वॉशर गळतो, चटणीचं पाणी बुशमध्ये उतरतं, दांडा जाम होतो आणि सगळा भार कपलरवर येतो. म्हणून आधी बुश-वॉशर, मग कपलर. तो काढताना खालून मोटरचा दांडा स्क्रूड्रायव्हरने धरून कपलर घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, कारण बऱ्याच मिक्सरना उलटे आटे असतात. पक्कड घेऊन उलट दिशेला जोर लावलात तर प्लास्टिक तुटतं आणि मधला नट दांड्यावरच बसून राहतो. मग बसा खटपट करत.

पंखा हळू फिरतोय म्हणून अख्खा उतरवून आणणारे पाहिले की कीव येते. मेन स्विच बंद करा, वायरींचा फोटो काढा आणि वरच्या कपातला कंडेन्सर तेवढा आणा, त्याच्या टोकांना हात न लावता. त्यावर २.५ एमएफडी (मायक्रोफॅरड, म्हणजे त्याची क्षमता) लिहिलंय आणि मल्टिमीटर १.६ दाखवतोय, तर बदला. नवा त्याच आकड्याचा, ४४० व्होल्टचा घ्या. कंडेन्सर ठीक निघाला तर दोष बेअरिंगचा, नाहीतर वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचा. वाइंडिंग इथे होत नाही.

इस्त्रीची वायर बहुधा मानेपाशी आतून तुटते. तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडतात. त्यानंतरची तपासणी मला फार आवडली: अर्थ पिन आणि इस्त्रीचा तवा यांच्यात मीटरचा बीप (म्हणजे जोड सलग असल्याची खूण) यायलाच हवा, तव्याचा बाकीच्या दोन पिनांशी अजिबात नको.

तक्रार एकच, पार्ट इथे मिळत नाहीत. जुना पार्ट हातात घेऊन आधी पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार, तापकीर गल्ली गाठावी, नाहीतर दोन खेपा ठरलेल्या. मायक्रोवेव्ह मात्र नेऊच नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, म्हणून तो उघडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.