काचेच्या पेटीपुढं हलगी
एकतिसाव्या आठवड्यात पोरगी झाली, वजन 1340 ग्रॅम. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असतो. मशिन बिघडणार असलं की आवाजावरनंच कळतं. म्हणून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पाय ठेवल्या ठेवल्या कान टवकारले. मॉनिटरचं टुंईटुंई तर होतंच, पण बाळाला ठेवतात त्या काचेच्या पेटीच्या खिडकीचं झाकण खट्‌कन लावलं की आत पोरगी दोन्ही हात फाकवून दचकायची.

त्या रुग्णालयात संगीतोपचार मिळतो. आठवड्यातनं दोनदा, वीस मिनिटं. एका वेळेचे 500 रुपये, बिलात वेगळे. मला वाटलं स्पीकरवर बासरी लावणार. तसं नाही. एक ताई येतात, मोबाईल बाहेर ठेवायला लावतात. त्यांच्याकडं एक चपटी गोल डफली, आत बारीक धातूचे मणी. ती सावकाश कलंडवली की लाटेसारखी सळसळ होते. पोटात असताना बाळ ऐकतं तशी, म्हणे. दुसरी फटी पाडलेली लाकडी पेटी, बोटांनी वाजवायची, काळजाच्या ठोक्यासारखी. बाळाच्या छातीकडं बघत त्या वाजवतात. श्वास बदलला की ताल बदलतात. रेकॉर्डिंगला हे जमणार नाही.

"घरात काय गाता?" त्यांनी विचारलं. बायकोला तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओवीची चाल तेवढी आठवत होती, शब्द नाहीत. मला येते हलगी. खासबागेत कुस्तीला वाजते ती. भीतभीतच सांगितलं. ताई म्हणाल्या, "वाजवा की, या लाकडी पेटीवर." दोन बोटांनी सुरू केलं. "अजून सावकाश." केलं. "अजून." इतकं सावकाश की त्या तालावर पैलवान मैदानातच झोपला असता! पोरगी बायकोच्या छातीवर, कांगारूत, म्हणजे उघड्या अंगाला अंग लावून. बायको ओवी गुणगुणायला लागली, बोळा बसल्यासारखा आवाज. अकरा दिवसांत तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, नाहीतर नुसती काचेकडं बघत बसायची. मॉनिटरवर ठोके 168 वरनं 150 च्या आसपास आले. कांगारूमुळंही आले असतील, मी पैज लावणार नाही.

यावर 2013 साली अमेरिकेत 11 रुग्णालयांतल्या 272 बाळांवर अभ्यास झालाय. त्यात ठोके आणि झोप यांत फरक पडला, आईबापांचा ताणही कमी झाला. पण इथल्या माहितीपत्रकावर "वजन झपाट्याने वाढते" असं ठोकून दिलंय, ते मला पटलं नाही. आमचं वाढलं ते दुधानं.

तक्रार दुसरीच आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1997 मध्येच सांगितलंय, एनआयसीयूत आवाज 45 डेसिबलच्या वर नको. इथं ताई वाजवत असताना दोन हातांवर एकाच्या फोनवर क्रिकेटची कॉमेंट्री. आणि 500 रुपये शांततेचे! आमच्या शॉपमध्येसुद्धा मायक्रोमीटर लावताना कुणी ग्राइंडर चालू करत नाही. संमतीचा फॉर्म इंग्रजीत, सासूबाईंनी तो दोनदा उलटापालटा करून परत दिला. वेळ सकाळी अकराची, म्हणजे बापानं खाडा करायचा. मी चार खाडे केले.

ताईंना पाचापैकी पाच, रुग्णालयाला अडीच. घेणार असाल तर सोमवार टाळा. त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांचा राउंड अकरालाच येतो आणि वाजवणं मध्येच थांबतं.