ट्रॅक्टरच्या एसीत 25,200 रुपये गेले, आणि टोपीवरची धूळ तशीच होती

गावात कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. पण एसी दुरुस्तीच्या नावाखाली मला फसवणारा माणूस आता कागल-मुरगूड बाजूला फिरतोय असं कळलं, म्हणून लिहितोय.

"ट्रॅक्टरला एसी कशाला?" म्हणणाऱ्यांनी एप्रिलच्या उन्हात बंद केबिनमध्ये बसून रोटर मारून बघावा. माझा केबिनचा ट्रॅक्टर सेकंडहँड, बारा वर्षांचा. तो थोरला भाऊ चालवतो, त्याला दमा आहे. पाचटाच्या धुळीत काचा उघडता येत नाहीत, आणि लावल्या की आत भट्टी. चैन म्हणून एसी नाही.

एक दिवस गार हवा एकाएकी बंद झाली. पंखा चालू, पट्टा फिरतोय, पण कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणारा पंप) क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याच्या चाकाशी जोडणारा भाग, 'टक' करून ओढत नव्हता. ऊस वाहतुकीतल्या एका ओळखीच्यानं एका एसी मेकॅनिकचा नंबर दिला. तो आला, पाइपला हात लावला आणि म्हणाला, "मालक, कॉम्प्रेसर जाम झालाय. आज बदलला नाही तर पट्टा तुटून बाकीचंबी जाईल बघा." कॉम्प्रेसर 18,500, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) 2,200, गॅस आणि मजुरी 4,500. उसाच्या बिलातले 10,000 फोनवरून दिले, 15,200 रोख. गॅसचा दाब मोजायचं गेज त्यानं लावलंच नाही. गेज न लावता कॉम्प्रेसर गेला म्हणणाऱ्याला तिथूनच परत पाठवा.

"तुम्ही जेवून या, दोन तास लागतील." मी गेलो. त्या आधी चार दिवस भावाला रात्रीची झोप नव्हती, मला काम उरकायचं होतं. 22 वर्षं ट्रॅक्टर वापरतोय, क्लचप्लेट, हायड्रॉलिक स्वतः बघतो, पण एसीत कधी हात घातला नव्हता.

परत आलो तर कॉम्प्रेसर चंदेरी, चकाचक. हवा गार. आणि इथंच मला कळायला पाहिजे होतं. पट्ट्याच्या कडेला चंदेरी रंगाचे ठिपके होते. पट्टा उतरवल्याशिवाय कॉम्प्रेसर निघत नाही, मग नव्या कॉम्प्रेसरचा रंग पट्ट्यावर कसा? गॅस भरायच्या दोन्ही नळ्यांच्या टोप्यांवर गेल्या हंगामाची धूळ घट्ट बसलेली, बोटाचा एक ठसाही नाही. टोपी न काढता गॅस आत गेला कुठून? हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसलो. जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणाला, "नव्याच्या बदल्यात जुना द्यावा लागतो." मी मान डोलावली. जुना भाग हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

नऊ दिवसांत पुन्हा गरम हवा. फोन उचलेना.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून दुसरा मेकॅनिक आणला. त्यानं आधी टोप्यांचे फोटो काढले, मग गेज लावलं. इंजिन बंद असताना दोन्ही काटे 95 पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास, म्हणजे गॅस निघून गेलेला नव्हता. कॉम्प्रेसरची पुढची प्लेट हातानं फिरवली, फिरली. जाम काहीच नव्हतं. क्लचला बॅटरीवरून थेट 12 व्होल्ट दिले, 'टक'. प्रेशर स्विचची (गॅसचा दाब बघून क्लचची वीज चालू-बंद करणारा) वायर गंजून तुटली होती, आणि त्या जागी नवी कोरी काळी टेप! दोष त्या भामट्याला सापडला होता. वायरीला पीळ घालून टेप मारली, कॉम्प्रेसर जागेवरच रंगवला आणि 25,200 उचलले. खरी दुरुस्ती 650 रुपये, कंडेन्सरमधलं (गॅस गार करणारी जाळी) पाचट काढण्यासकट.

पोलीस ठाण्यात तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा, "साहेब बंदोबस्ताला." दुसऱ्यांदा एक जण हसून म्हणाला, "ट्रॅक्टरला एसी? मग तुम्हाला पैशाची काय कमी?" तिसऱ्यांदा, "पैसे स्वखुशीनं दिलेत, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." खोटं सांगून पैसे काढणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे की. अर्ज घ्यायला तयार नाहीत, पोच तर लांबच. रोज रानात काम करणाऱ्या माणसानं तीन दिवस बुडवायचे आणि वर टोमणे ऐकायचे? पावती साध्या कागदावर, म्हणून तीही त्यांनी बाजूला सारली. पक्की पावती घ्याच, तिच्यावर कॉम्प्रेसरचा नंबर लिहून घ्या.

आणखी एका कचेरीत सांगितलं, ट्रॅक्टर धंद्याचा, ग्राहक म्हणून तक्रार चालत नाही. हेही अर्धवट. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्याची धरत नाहीत, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. चौकशीचा नंबर 1915.

सोमवारी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज धाडलाय. सोबत टेपचा आणि त्या धुळीच्या टोप्यांचा फोटो जोडलाय.